शेवटच्या पानावरचं मत

वाचनालयाच्या रहस्यकथांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपलं सणसणीत मत ठोकून द्यायची तिला भारी खोड. 'खुनी तिसऱ्याच पानावर ओळखला, लेखकमहाराज!' वगैरे. यावेळच्या भयकथेखाली तर तिने जीव ओतला होता: 'भूत झकास, पण नायिका ठार बावळट! नवरा छळतो, खिडकी सताड उघडी, आणि ही सव्वाशे पानं नुसती रडते. अगं बाई, मार उडी नि सूट!'

पुस्तक परत करायला दप्तरात कोंबताना तिने ते मत स्वतःच्याच कौतुकाने पुन्हा उघडलं. खाली कुणीतरी उत्तर लिहिलं होतं.

'आणि मुलगी शाळेतून आली की तिला घरात कोण दिसणार?'

ते बारीक, तिरकं अक्षर दर परीक्षेला तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचं.

बाहेरच्या खोलीत बाबा होते, म्हणून ती ओट्यापाशी जाऊन कुजबुजली, "आई, गोष्टीतल्या बाईला मूलच नव्हतं गं."

"अगोबाई, हो?" आई पाठमोरीच म्हणाली. "मग तुझं बरोबर आहे. बावळटच ती."