दर दहा मिनिटांनी

शर्यतीच्या चौथ्या फेरीला चिमीनं सायकलवरून, वळणावरूनच मान हलवली. नको. पण बाबा वाटेच्या कडेच्या दोरीला पोट टेकवून, बाटली पुढे धरून उभेच.

"निम्मी संपव. माझ्यासमोर."

"बाबा, तहान नाहीये खरंच."

"ढग आलेत म्हणून तसं वाटतं. गेल्या वर्षीही हेच म्हणालीस आणि शेवटच्या चढावर आडवी झालीस."

डोंगरातल्या या सायकल शर्यतीत गेल्या वर्षी ती पाण्यावाचून कोसळली होती. सायकल वर आणि ही खाली, अख्ख्या गल्लीनं पाहिलं. बाबा शिंपी. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. जर्सीच्या पाठीला बाटल्यांसाठी जादा खिसे शिवले, तिच्या घड्याळात दर दहा मिनिटांचा गजर लावला. मीठ-साखर घालायची थेरं त्यांना मुळीच मान्य नव्हती. स्वच्छ पाणी, बस्स.

पहिल्या तिघींना संघात जागा. चिमी तिसरी होती आणि तिला ती जागा हवीच होती. बाबांपाशी थांबायचं तेवढंच, एरवी थांबायची सोय नव्हती. एका बाजूला दोरी, दुसऱ्या बाजूला दरड, वाट जेमतेम हातभर, मागून चौथीच्या ब्रेकची किरकिर. त्यात मनगटावर पीं पीं. पाचव्या फेरीत गजर वाजला तशी ती चक्क रडली. पण प्यायली. न पिता बाबांसमोर जायची छाती कुणाची?

हातमोजे बोटांत रुतायला लागले. सकाळी झकास बसले होते, आणि बाबांचं माप चुकणं शक्यच नाही. घामानं आटले असतील मेले, असं म्हणून तिनं सोडून दिलं. डोकं मात्र ठणकत होतं.

सहाव्या फेरीला ती बाबांच्या पायाशीच ओकली. नुसतं पाणी.

"बघ, बघ! अंगातलं सगळं चाललंय. भरून काढ आधी!"

"बाबा, मला घरी जायचंय."

"एकच फेरी राहिलीय गं राणी. पी."

तिनं अख्खी बाटली संपवली. आणि ती तिसरी आली! बाबा दोरीखालून वाकून धावले, तिला मिठीत घेतलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, आपण कुठं राहतो?"

बाबा हसले. मग तिचे डोळे फिरले आणि अंगाला झटके यायला लागले. तिचं डोकं मांडीवर घेऊन ते बाटली तिच्या ओठांना लावत राहिले. "एक घोट. बाबाचं ऐक ना."

शर्यतीच्या डॉक्टरीणबाई पळत आल्या. तिचा हातमोज्यात फुगलेला हात दाबून पाहिला. "किती प्यायली ही?"

"अकरा बाटल्या. थेंबभर कमी पडू दिलं नाही मी."

बाईंनी त्यांच्या हातातली बाटली उडवून दिली.

"बंद करा ते! रक्तातलं मीठ पार उतरलंय, पाण्यानंच चाललीय ती!"