तंबूचा सराव

दोन खोल्यांत सहा माणसं. थोरली सून नर्स होती. "आमच्या स्टाफचा कॅम्प जाणार आहे, मला तंबू ठोकायचा सराव करायला हवा," असं सांगून तिने मैत्रिणीचा तंबू मागून आणला. मग रोज ड्युटीवरून आल्यावर ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तो उभा करू लागली.

"चांगलं धडधाकट घर सोडून पालात बसायचे डोहाळे!" सासूबाई येता-जाता टोमणे मारायच्या. नवऱ्यालाही कोडं पडलं. "अगं, तंबू ठोकायला दहा मिनिटं लागतात. मग दीड तास वर करतेस काय?"

"चुकतो, मग परत ठोकते," ती म्हणायची. खरं तर ती आत नुसती पडून राहायची. तिथे कोणी हाक मारत नसे, कोणी काही मागत नसे.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाई गुडघे धरत जिना चढून आल्या आणि वाकून तंबूत डोकावल्या. उशाला हात घेऊन पडलेली सून धडपडत उठली.

"कधी आहे गं तुमचा कॅम्प?"

तिला खोटं बोलवेना. "कॅम्पबिंप काही नाहीये, आई."

त्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं संसार केलेल्या सासूबाईंनी तंबूच्या दाराची चेन एकदा वर-खाली ओढून पाहिली.

 

"उद्या मी बसणार आहे. ही चेन आतून कशी लावायची, तेवढं दाखवून ठेव."