साडेदहाची भोकं

खुंटी भोकात हलली. हलत्या दातासारखी.

किशोरीने ती काढली, पुन्हा घातली, पुढून नट आवळला. हललीच. फणसाच्या लाकडाची गिटारीची मान तिच्या मांडीवर पालथी पडली होती. चार महिने तासलेली, घासलेली. माथ्यावर सहा भोकं. तिने भोक मोजायला व्हर्नियर लावला. दहा मिलिमीटर हवं होतं.

साडेदहा.

दुसरं: साडेदहा. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं: तेच.

"काय झाला, ताय?" अनिशने विचारलं. तो मालवणहून मोटारसायकलवर आला होता, पाठीला त्याच्या इलेक्ट्रिक गिटारीचं नुसतं धड बांधून. मान मोडली होती. संध्याकाळी जेटीवर वाजवायचं होतं. आणि सावंतवाडीच्या खेळण्यांच्या कारखान्यात गिटारीची मान होईल, यावर सबंध मालवणात त्याचा एकट्याचा विश्वास होता.

"भोकां मोठी पडली."

म्हणजे तार ताणली की खुंटी कलणार. खुंटी कलली की सूर उतरणार. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. काल संध्याकाळी तिनेच पाडली होती, दमलेल्या हातांनी. ड्रिलचं पातं चुकीचं लागलं असणार. आता सगळे तेच म्हणणार, जे चार महिने म्हणत आले होते: बाहुल्या कर गो, तुका त्याच जमतत. आणि आज पहिल्यांदा तिलाही ते खरं वाटायला लागलं.

"लाख घाल," उंबऱ्यावरून आवाज आला.

तिचे वडील, मंगेश. वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवलेल्या सामानासारखा. कारखान्यात पाऊल टाकत नसत. उंबऱ्यापर्यंत येत आणि तिथून लेकीच्या चुका काढत.

"बाबा, ह्यां खेळणां न्हय!"

"मगे? तुझ्या गिटाराक लाखेची लाज वाटता?"

अनिश हसला. किशोरी हसली नाही. पण दुसरं काय होतं हातात?

भोक पहिलं. खेळण्यावर लाख चढते ती लाकूड गरगर फिरतं त्या उष्णतेने. इथे फिरवायला काही नव्हतं. तिने खुंटीची नळी दिव्यावर धरली, तापल्यावर लाल लाखेची कांडी टेकवली. लाख मधासारखी पसरली. खुंटी भोकात. सरळ. सरळ.

"कल्ली गो, डावीकडे कल्ली," उंबऱ्यावरून.

सरळ. फुंकर. शंभर आकडे. तिने बोटाने ढकललं. मग अंगठ्याने. मग दोन्ही हातांनी.

दगड.

दुसरं, तिसरं, चौथं: दगड, दगड, दगड. पाचवं: बोट भाजलं, तोंडातून शिवी, दगड. सहावं

(इथे तिघांपैकी कुणीच श्वास घेतला नाही)

दगड.

चार स्क्रूंनी मान धडाला बसली. अनिशने तारा चढवल्या, सूर लावला. मग त्याने जाड तार बोटाने जोरात ओढली. सोडली. पुन्हा ओढली. दहा वेळा, वीस वेळा. कान लावून छेडली. सूर जागच्या जागी. सहाही तारा जागच्या जागी. त्याने मोटारसायकलवरून आणलेल्या अँपमध्ये वायर खुपसली, आवाज पूर्ण वर नेला आणि हात फिरवला.

फळीवरचे लाकडी आंबे थरथरले. केळ्यांचा घड खाली आला. शेजारची शर्मिला पळी हातात घेऊन धावत आली आणि दारातच मान डोलवायला लागली.

"आवशीचो घो!" अनिश ओरडला. "ताय, ही तर पयल्या मानेपेक्षा बरी वाजता!" प्रत्येक खुंटीभोवती लाखेचं बारीक लाल कडं उमटलं होतं. त्यावर तो बोट फिरवत राहिला. "आमच्या बँडातल्या सगळ्यांक अशीच करून दी. आणि दहाची नको हां, भोकां साडेदहाचीच पाड. ता पातां नीट जपून ठेव."

"ठेवतंय!" किशोरी हसत पात्यांच्या डब्याकडे वळली. गाल दुखेपर्यंत हसत.

नऊ. दहा. अकरा. बारा.

तिने डबा पालथा केला. नऊ, दहा, अकरा, बारा. साडेदहाचं पातं कारखान्यात नव्हतंच. कधीच नव्हतं. काल तिने दहाच पाडली होती. मग अर्धा मिलिमीटर, सहाही भोकांत, केसाचा फरक न पडता... असा हात तिला अजून आला नव्हता. असा हात या घरात एकाचाच होता.

ती उंबऱ्याकडे वळली. मंगेशनी डावा पंजा घाईघाईने मुठीत मिटला. बोटांच्या पेरांत फणसाचा पिवळा भुसा होता.

"लाखेक जागा ठेवूक इसारलंस तू," ते म्हणाले. "म्हणान फाटफटीक, तू उठूच्या आदी, कानस मारली. एका हाताक वेळ लागता गो."