शिल्डचा कायदा

सोजरला हळद लागल्यावर ऐन वेळी लग्न मोडणाऱ्या इंद्रभानशी तिचा भाऊ मारोतराव अवाक्षर बोलत नव्हता. इंद्रभानला त्याची फिकीर कुठे होती! फुटबॉलवर बसणारी त्याची लाथ पाहूनच वाशीमच्या कापसाच्या जिनवाल्या देशमुखानं पोरगी देऊ केली होती. अट एकच, आजवर शिल्डच्या स्पर्धेत कुठल्याच गावाकडून न उतरलेल्या जावयानं पुढच्या शिल्डला वाशीमकडून खेळायचं.

आज शेलूबाजारच्या मैदानावर शिल्डची मॅच संपत आली, तेव्हा त्यांच्या धनज गावाचा कप्तान म्हणून मारोतरावानंच त्याला काठावरून आत बोलावलं. "ये इंद्रभान, गावाची लाज राख." राग निवळला म्हणायचा! इंद्रभान हरखून धावला. चेंडूला पाय लागला न लागला तोच शिट्टी झाली. धनज हरलं.

तरी मारोतराव हसत होता. "शिल्डचा कायदा तुले ठाव नाही वाटते. एकदा ज्या गावाकून उतरला, जन्मभर त्याच गावाचा. वाशीमले आता तू चालत नाही."

इंद्रभाननं त्याची बाही धरली. "काहून केलं असं, मारोतराव?"

मारोतरावानं मूठभर माती उचलली अन् त्याच्या दोन्ही गालांना चोळली.

"मायी सोजर बी हळद लागल्यापासून दुसऱ्या घरी चालत नाही. घे, आज तुले लागली."