उंबरठ्यावरचा निरोप

दयानंदकाका कामाचे बोलणे बसून कधी करीत नसत. चपला पायांत घालून उंबरठा गाठल्याखेरीज निकडीचा निरोपही त्यांच्या मुखातून बाहेर पडत नसे.

शुभंकर निधीला पाहून गेल्याला आठ दिवस झाले होते. तिला तो मनापासून आवडला होता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मल्लेश्वरमहून त्याच्या घरचा निरोप आणणार होते ते काकाच. त्या रविवारी ते बनशंकरीला निधीच्या घरी आले खरे. पण आधी त्यांनी रहदारीची निंदा केली, मग गुडघ्यांची कैफियत मांडली. दोनदा कॉफी झाली, दीड तास उलटला. अखेर घराचा दंडक मोडून निधीने त्यांच्या चपला दिवाणखान्यात आणून पायांशी ठेवल्या.

"अगं, हाकलतेस की काय मला?"

"नाही हो काका. स्वल्प, जरासे उभे तर राहा!"

काका सावकाश उठले, चपला घालून उंबरठ्यापाशी गेले आणि नेहमीप्रमाणे वळले.

 

"हां, तेवढं राहिलंच. होकार आहे त्यांचा. शुभंकर आणि त्याचे आईवडील मघापासून खाली गाडीत बसलेत. वर बोलावू का?"