दिवाळीत उतरलेले लोखंड

लोखंडाचे भाव का चढले आणि वाढीव पैसे का द्यायचे, हे ज्योत्स्नाचे सांगून झाले होते. उद्या स्लॅब पडायचा होता. सेंट्रिंगच्या फळ्यांवर सळ्यांची जाळी बांधून तयार होती. तिच्यावर तोल सांभाळत तिघे उभे होते, आणि कोपऱ्यात अय्युब मिस्त्री शेवटच्या गाठींना तार पिळत होता. घरमालक मोतीराम यांनी तीस वर्षे धारणीच्या घाटात एसटी चालवली होती. ते हातातला लोखंडाच्या भावाचा आलेख पाहत राहिले. त्यातली लाल रेघ चढत चढत कागदाबाहेर निघून गेली होती.

ज्योत्स्नाचे काम हेच. ठेकेदार खुशालरावने जठारपेठेतल्या कचेरीत तिला त्यासाठीच ठेवले होते: भाव त्याने वाढवायचे, कारणे तिने सांगायची. एम. ए.ला कवितेचे पेपर लिहिले त्याच निष्ठेने ती आता चीनची पोलादाची भूक समजावून सांगे. सांगण्याची वेळही ठरलेली होती: सेंट्रिंग चढल्यावर, स्लॅब पडण्याआधी. डोक्यावर उघडे आभाळ असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

खुशालराव गाडीच्या किल्लीने कान कोरत होता. त्याच्याकडे पाहताना तिला नेहमी वाटे, त्याच्याबद्दलची तुच्छता एवढीच आता आपली शिल्लक आहे.

"चीनले कापूस नाही लागत काय, ताई? त्याचा भाव तं नाही चढत." मोतीराम अखेर म्हणाले.

"लागतो," ती म्हणाली. त्याचा आलेख तिच्याकडे नव्हता.

खुशालराव हसला. "कापूस टाकता काय स्लॅबमंदी, मोतीरामभाऊ? लोखंडाचं बोला."

मोतीराम वाकले. त्यांनी सळईवरून तळहात फिरवला; तो तांबूस झाला. "लोखंडाचंच बोलून राहिलो. हे दिवाळीत उतरलं. पैसे म्या तवाच मोजले."

"जराक गंजलेली सळई सिमेंटले जास्त धरते. इचारा अय्युबले."

"धरते ना, सेठ," अय्युब मान वर न करता म्हणाला. "पन एवढा गंज चढाले चार महिने लागते."

"तू तार पिळ." खुशालरावने किल्ली शर्टाला पुसली. "घरात सोनं पडून असलं तरी मानूस भाव आजचाच सांगते. मॅडम, समजावा यायले."

मोतीराम तिच्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. आणि तोच तिला सोसवेना.

"तुमी शिकल्या-सवरल्या, ताई. माह्यावालं लोखंड माह्याच घरावर पडल्या पडल्या मलेच महाग कसं झालं? तुमी सांगा. तुमी बरोबर हाय म्हणसान, तं देतो मी."

वाक्य तिच्या जिभेवर आले. घडीव, तोललेले, स्वल्पविरामासकट. ते इतक्या चटकन आले याचीच तिला शिसारी आली. तिने त्यांच्या हातातून आलेख काढून घेतला, त्याची घडी केली आणि ती शिडी उतरू लागली. निदान आपले मौन तरी आपले आहे, असे तिला वाटले.

वरून खुशालरावचा आवाज आला. जराही न चढलेला.

"पाहा, मोतीरामभाऊ. उत्तर द्याच्या लायकीचाबी नाही वाटला मॅडमले तुमचा सवाल."

तिने ते स्पष्ट ऐकले. ती खाली उतरून रस्त्याकडे चालत राहिली.