विचारी कूर्चा

भाऊबीजेचा पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती आणि रत्नाकरराव समोर खांबासारखे उभे होते.

"बस की," निरांजन लावत त्यांची थोरली बहीण प्रमिलाताई म्हणाली.

रत्नाकरराव जरा वाकले. लगेच डाव्या गुडघ्यातून गोड आवाज आला, "जमिनीवर बसणं कूर्चेच्या हिताचं नाही. परवानगी नाही." उजव्याने अनुमोदन दिलं.

"नवी कूर्चा आहे, ताई, सांध्यातल्या हाडांमधली गादी," रत्नाकरराव छाती फुगवून म्हणाले. "रोज एक कॅप्सूल घेतो, त्यातून ती वाढते. सगळा विचार तीच करते, मला काही ठरवावं लागत नाही. आणि तसूभरही झीज नाही!"

झीज होणार कुठून? टेकडी सुटली, जिने सुटले, नातवाला मांडीवर घेणंही गुडघ्यांनी बंद केलं. त्या दोन गुडघ्यांची बडदास्त ठेवण्यापलीकडे या गृहस्थाला उद्योग उरला नव्हता.

"गेल्या वर्षी लिफ्ट बंद होती म्हणून खालूनच परत गेलास. तेही यांनीच ठरवलं?"

"हो ना!" ते कौतुकाने म्हणाले.

ताई आपले झिजलेले गुडघे कटाकटा वाजवत खाली बसली. तिने भावाच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांना कुंकू लावलं आणि निरांजन त्यांच्याभोवतीच ओवाळलं.

"ताई, अगं हे काय?"

"अक्कल जिथे आहे, तिथे ओवाळतेय," ताई म्हणाली. "माझा भाऊ कधी आलाच, तर त्याला सांग, पाट मांडून ठेवलाय."